ऑक्टोबरातलं यार्ड

हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, जायचं तर सकाळी घरून काही खाऊन निघू नये. ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी वॉशिंग्टनच्या जॉर्जिया अव्हेन्यूवर पोचलात की कुणी ना कुणी हातात ताटली देतंच. तळलेला मासा, मॅकरोनी-चीज, कोलार्डची भाजी, रताळं भरून भाजलेला गोड ‘पाय’. नाव-गाव नंतर विचारतात, कधी विचारतही नाहीत.

मी शिकायला होते शहरातल्या दुसऱ्याच विद्यापीठात. खोली मात्र मिळाली हॉवर्डच्या टेकडीखाली, तिथल्याच एका माजी विद्यार्थिनीच्या घरात. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंना सगळी गल्ली ‘मिस’ लावून हाक मारायची, मीही तशीच मारायचे. त्या मला ‘बेबी’ म्हणायच्या. होमकमिंगच्या आठवड्यात त्यांचं घर म्हणजे लग्नघर. अटलांटाहून, शिकागोहून मैत्रिणी यायच्या, बैठकीच्या खोलीत अंथरुणं पडायची आणि मध्यरात्र उलटली तरी स्वयंपाकघरातलं हसणं थांबायचं नाही.

टेकडीवरच्या मोकळ्या मैदानाला सगळे ‘यार्ड’ म्हणतात. एका अंगाला फाउंडर्स लायब्ररीचा घड्याळाचा मनोरा. ती इमारत 1939 ची, आराखडा अल्बर्ट कॅसेल या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, “एच-यू!” आणि चहूबाजूंनी उत्तर येतं, “यू नो!” आजोबा ओरडतात, त्यांच्या खांद्यावरची नात ओरडते. दुपारी फुटबॉलचा सामना असतो, पण खरी ओढ मध्यंतराची. इतर ठिकाणी मध्यंतरात लोक खायला उठतात. इथे तेव्हाच सगळे जागेवर येऊन बसतात, कारण ‘शोटाइम’ बँड मैदानात उतरणार असतो. बँडचा म्होरक्या, म्हणजे ड्रम मेजर, पाठीमागे इतका वाकतो की टोपीचा तुरा जवळजवळ गवताला टेकतो. ट्युबा वाजवणारी पोरं ते ओझं घेऊन नाचतात. सामना संपला तरी दोन्ही बाजूंचे बँड एकमेकांना उत्तरं देत राहतात. सामना चार क्वार्टरचा, म्हणून त्याला ‘पाचवा क्वार्टर’ म्हणतात, आणि सामन्याचा निकाल विसरलेली माणसंही त्याबद्दल महिनाभर वाद घालतात.

यार्डवर झाडंसुद्धा संघटनांमध्ये वाटलेली आहेत. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ज्या नऊ मोठ्या बंधु-भगिनी संघटना आहेत त्यांतल्या पाच हॉवर्डमध्येच जन्मल्या. पहिली अल्फा कप्पा अल्फा, 1908 ची. तिचे रंग गुलाबी आणि हिरवा. आमच्या मिस डेल्टा सिग्मा थीटाच्या. ही 1913 ची, 22 मुलींनी काढलेली. त्याच वर्षी मार्चमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मोर्चात त्या मुली चालल्या. हे सांगताना मिसचा आवाज असा व्हायचा, जणू त्या स्वतः त्या रांगेत होत्या.

पहिल्या वर्षी निघताना त्यांनी माझ्या गळ्यात निळा-पांढरा स्कार्फ घातला. “हे हॉवर्डचे रंग. जे आपल्याबरोबर येतात ते सगळे घालतात.” त्यांचा स्वतःचा, डेल्टाच्या रंगांतला किरमिजी-क्रीम कोट खुर्चीवर होता. त्याकडे बोट करून म्हणाल्या, “हा मात्र कुणाला देत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही.” त्यांच्या संघटनेची मंडळी रांगेने, पावलाला पाऊल जुळवत नाचत येतात तेव्हा बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, टाळ्या वाजवायच्या, पण रांग तोडून मध्ये घुसायचं नाही. ‘स्की-वी’ ही हाक अल्फा कप्पा अल्फाच्या बायकांचीच. मला यात कधी दुरावा वाटला नाही. उलट कुठे उभं राहायचं ते कळलं, म्हणून मोकळेपणाने नाचता आलं.

कृष्णवर्णीयांची ही महाविद्यालयं कुणाला दार बंद करून उभी राहिली नाहीत, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. 1867 साली हॉवर्ड सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोऱ्या होत्या, संस्थापक मंडळींच्याच मुली. दार बंद होतं ते दुसऱ्या बाजूला, गोऱ्यांच्या कॉलेजांत. आणि उघड्या दारातून येणारा प्रत्येक जण घर सांभाळतोच असं नाही. वेस्ट व्हर्जिनियातलं ब्लूफिल्ड स्टेट हे 1895 सालचं कृष्णवर्णीयांचं कॉलेज. 1968 मध्ये तिथे बॉम्बस्फोट झाला, त्यानंतर वसतिगृहं बंद केली गेली. लांबून येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना राहायला जागाच उरली नाही, आसपासची गोरी मुलं घरून येत राहिली. आज कायद्याने ते ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेज आहे, पण तिथले बहुसंख्य विद्यार्थी कित्येक दशकं गोरेच आहेत. मिसच्या एका मैत्रिणीचे काका तिथे शिकले होते. ही हकिगत ती सांगायची तेव्हा टेबलावर कुणी बोलायचं नाही.

हॉवर्डच्या आसपासही घरं महागली, नवे रहिवासी आले. 2019 मध्ये काही जण यार्डवर कुत्री फिरवू लागले, विद्यार्थी चिडले, तर एका रहिवाशाने कॅम्पसच दुसरीकडे हलवा म्हणून सुचवलं. मला त्याचा अजून राग येतो. पुढच्याच वर्षी कमला हॅरिस उपाध्यक्षपदाला उभ्या राहिल्या आणि आपल्याकडचे व्हॉट्सॲप गट ‘आपली’, ‘आपली’ म्हणून भरून गेले. आईकडून त्या भारतीय, हे खरंच. पण 1986 मध्ये पदवी घेऊन त्या ज्या यार्डवरून बाहेर पडल्या, त्याचं नाव त्या गटांत एकानेही घेतलं नाही.

एका वर्षी माझे बाबा आले. ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे, नागसेनवनातल्या वसतिगृहात राहून शिकलेले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये काढलेलं ते कॉलेज सर्व जातींना खुलं होतं. तिथलं संमेलन बाबा अजून रंगवून सांगतात. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचं ‘युगयात्रा’ नाटक मिलिंदच्या मुलांनी खुद्द बाबासाहेबांसमोर केलं होतं, ही गोष्ट त्यांनी स्वयंपाकघरातल्या त्या बायकांना सांगितली आणि मी भाषांतर करत राहिले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, त्याचं उत्तरही आलं, हे ऐकल्यावर फिस्क या कृष्णवर्णीयांच्याच दुसऱ्या विद्यापीठात शिकलेली एक मैत्रीण ताडकन उठली. “डुबॉइस आमचे! फिस्कचे, 1888 चे!” मिसनी लगेच हॉवर्डची बाजू लावून धरली आणि दोघी भांडायला लागल्या.

बाबांनी निळा स्वेटर घरूनच घातला होता, त्यांना स्कार्फ लागला नाही. सामन्याला ते थोडे कंटाळले. बँड आला तसे उठून उभे राहिले ते शेवटपर्यंत बसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मिसना विचारलं, गावाकडून येणाऱ्या गरीब पोरांच्या फीचं तुम्ही काय करता? मिसनी आपल्या वर्गाच्या निधीची वही काढली, चष्मा लावला, आणि कोणत्या वर्षी किती पोरांचे पैसे भरले ते पान उलटत दाखवू लागल्या.