तीनशे शहाऐंशी पत्ते, एका ओळीत

"गेलं का गं सगळ्यांना?" मावशींनी झारा हातातच धरून विचारलं.

"गेलं," मी म्हणाले.

19 सप्टेंबर 2024, गुरुवार, सकाळचे अकरा. डोंबिवलीतली आमची दोन खोल्यांची फराळाची जागा. एका खोलीत नमुन्याच्या चकल्यांचा पहिला घाणा कढईत आणि दुसऱ्या खोलीत मी, लॅपटॉपसमोर, स्वतःवर खूश. मावशी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मावशी, पण धंद्यात त्या सगळ्यांच्याच मावशी. बँकेतली नोकरी सोडून मी त्यांचे हिशेब बघायला लागले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ई-मेलची कल्पना माझीच. परदेशी जाणारा आमचा फराळ इथले आईबाबा विकत घ्यायचे आणि तिकडच्या मुलांना पाठवायचे. आईबाबा थकत चालले होते. मुलं तिकडच्या तिकडे दुसऱ्या कुणाकडून मागवू लागली होती. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट एका वेळी 256 जणांपुरती, आणि तीही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. मुलांनी आमचा नंबर कशाला सेव्ह केला असेल? पण कुरिअरच्या फॉर्मवर पार्सल घेणाऱ्याचा ई-मेल लिहावा लागतो. मागच्या पाच दिवाळ्यांचे फॉर्म मी गठ्ठ्यातून काढले आणि एक्सेलमध्ये पत्ते उतरवले. भरले 386. साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेपर्यंत पाठवता येतात, म्हणजे आपण मर्यादेच्या आत, असा हिशेबही केला. बँकेची सवय.

विषयाच्या ओळीत लिहिलं, "आईच्या हातची चव, यंदाही तुमच्या दारी!" खाली व्हॉट्सॲपवर फिरवलेलं पोस्टर जसंच्या तसं डकवलं. आणि 386 पत्ते टाकले सीसीमध्ये. बीसीसीमध्ये नाही, जिथे कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही. सीसीमध्ये, जिथे सगळ्यांचे सगळ्यांना दिसतात.

पहिल्या पाच मिनिटांत इनबॉक्स भरायला लागला तेव्हा मला वाटलं, ऑर्डरी आल्या. त्या परत आलेल्या मेलच्या सूचना होत्या. पत्ता अस्तित्वात नाही, पत्ता अस्तित्वात नाही. लोकांनी नोकऱ्या बदलल्या होत्या, जुने रेडिफचे पत्ते सोडून दिले होते. अशा एक्केचाळीस.

मग माणसांची उत्तरं सुरू झाली, आणि ती सूर्य उगवेल तशी आली. मेलबर्नला दुपारचे साडेतीन, दुबईत सकाळचे साडेनऊ, तिथून सुरुवात. दुबईच्या एका बाईंनी विचारलं, "कडबोळी आहेत का?" विचारलं ते रिप्लाय ऑल दाबून, म्हणजे यादीतल्या सगळ्यांनाच. मेलबर्नच्या एकांनी सगळ्यांना कळवलं की गेल्या वर्षीच्या चकल्या मऊ पडल्या होत्या. सिंगापुरातून कुणी त्यांना उत्तर दिलं, की आमच्या तर छान कुरकुरीत होत्या, तुम्ही डबा उघडा ठेवला असेल. तिसऱ्याने लिहिलं, पितृपक्षात कसली फराळाची जाहिरात करता? त्यावर पितृपक्षात खरेदी करावी की नाही यावर अकरा मेल झाले. मधूनमधून "कृपया मला या यादीतून काढा" असं लिहिणारे, तेही सगळ्यांना. आणि "अहो, रिप्लाय ऑल करू नका" असं रिप्लाय ऑल करून सांगणारे.

मावशींना मी काही सांगितलं नव्हतं. त्या अधूनमधून डोकावून म्हणत, "टिंगटिंग बरीच वाजतेय, चांगलं आहे."

अकरा-साडेअकराला जर्मनी जागी होऊन कामाला लागली. म्युनिकच्या एका गृहस्थांनी शुद्ध मराठीत, एकही चढा शब्द न वापरता लिहिलं, की माझा पत्ता तुम्हाला पार्सल पोचवण्यासाठी दिला होता, जाहिरातीसाठी नाही, आणि तीनशे अनोळखी लोकांना दाखवण्यासाठी तर नाहीच. युरोपात 25 मे 2018 पासून याला कायदा आहे, दंड जास्तीत जास्त दोन कोटी युरो किंवा जगभरातल्या उलाढालीच्या चार टक्के, यांतली मोठी रक्कम. हे मात्र मी मावशींना वाचून दाखवलं. त्या काही वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आपली उलाढाल त्यांना सांगू नकोस. हसतील."

आम्ही दोघीही हसलो. ते त्या दिवसातलं शेवटचं हसू.

संध्याकाळी साडेपाचला न्यू जर्सीत सकाळचे आठ वाजतात. अमेरिका उठली, उशाशी साठ-सत्तर मेल पाहिले आणि चिडली. टेक्सासमधल्या एका इसमाने तर तीच सीसीची ओळ उचलून सगळ्यांना स्वतःच्या घरं विकण्याच्या धंद्याची जाहिरात पाठवली. माझ्या चुकीवर त्याचं दुकान.

आणि सहाच्या सुमाराला एक मेल आला. तोही सगळ्यांना गेलेला, बहुधा नकळत. दोनच ओळी होत्या. "आई मार्चमध्ये गेली. माझा पत्ता काढून टाका."

वर माझीच विषयाची ओळ होती, "आईच्या हातची चव, यंदाही तुमच्या दारी!"

त्यानंतर अर्धा तास एकही मेल आला नाही. चारशे माणसांचा तो गलका एकदम थांबला. मग ओळखीच्या-अनोळखीच्या चार-पाच जणांनी त्याला लिहिलं, थोडक्यात. चकल्या मऊ म्हणणाऱ्या मेलबर्नकरांनीसुद्धा. मी फॉर्मच्या गठ्ठ्यात जाऊन नाव शोधलं. पाचही वर्षांचे फॉर्म होते, पाठवणारीच्या रकान्यात थरथरती सही. मावशींना नाव सांगितल्यावर त्यांनी ओळखलं. "बिनसाखरेचे अनारसे मागायच्या. मी दर वर्षी सांगायचे, अहो, होत नाहीत."

त्याला मी एकट्याला लिहिलं. काय लिहिलं ते इथे सांगत नाही. त्याचं उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती.

पुढच्या आठवड्यात दुसरा त्रास सुरू झाला. आमची बिलं, पार्सलचे नंबर, सगळे मेल लोकांच्या स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलच्या कप्प्यात, पडू लागले. माझा भाचा एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तो रविवारी आला आणि त्याने आधी मला अर्धा तास झापलं. इतक्या जणांनी "स्पॅम" दाबल्यावर जीमेलने तुझ्यावर विश्वास का ठेवायचा, म्हणाला. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले आहेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तर बरंच काही लागतं, पण लहानांनीही घर नीट लावलेलं बरं. तक्रारींचं, म्हणजे "स्पॅम" दाबणाऱ्यांचं, प्रमाण 0.3 टक्क्याला टेकता कामा नये. म्हणजे हजारात तीन. माझं प्रमाण विचारू नका.

मग आम्ही धंद्याच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घेतलं, कारण एकगठ्ठा मेल पाठवून देणाऱ्या सेवेतून जीमेलच्याच पत्त्याच्या नावाने पाठवायला गेलं की ते तोतयागिरीत जमा होतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये त्याने तीन नोंदी केल्या. मी समजेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. एसपीएफ म्हणजे सोसायटीच्या वॉचमनकडे दिलेली यादी, आमच्या नावाने टपाल आणणारे हे एवढेच. डीकेआयएम म्हणजे पाकिटावरचं लाखेचं सील, वाटेत कुणी आतला मजकूर बदलला तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे यातलं काहीच जुळलं नाही तर त्या पाकिटाचं काय करायचं, ही वॉचमनला दिलेली सूचना. मावशी ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि वॉचमन झोपला असेल तर?" भाच्याकडे उत्तर नव्हतं.

पत्त्यांचं काय करायचं यावर मात्र वाद झाला. माझं मत, माफी मागून सगळ्यांना पुढचे मेल चालू ठेवावेत, नको असेल तो सांगेल. भाचा म्हणाला, उलट. एकदाच माफी माग, ती प्रत्येकाला वेगळी, आणि त्यात एक दुवा, म्हणजे लिंक, दे. ज्याला पत्र हवं तो दाबेल. जो दाबणार नाही त्याला पुन्हा लिहायचं नाही. परत आलेले आणि काढा म्हणणारे वगळून माफी गेली. दुवा दाबला 118 जणांनी.

"एवढ्या मेहनतीने उतरवलेले पत्ते!" मी हळहळले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "एकशे अठरा जणांचा फराळ करून तर बघ आधी."

खरं पत्र गेलं 5 ऑक्टोबरला, नवरात्रात. पोस्टर नाही. पोस्टर म्हणजे नुसतं चित्र, आणि ज्याच्याकडे चित्रं बंद असतात त्याला पांढरा चौकोन दिसतो. शिवाय जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतं आणि देवनागरीचं एकेक अक्षर तीन-तीन बाइट खातं, तेव्हा फापटपसाराही नको. विषय ठेवला, "अमेरिकेच्या पार्सलची शेवटची तारीख 14 ऑक्टोबर." देशाप्रमाणे याद्या वेगळ्या केल्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या पत्रातून दुधाच्या मिठाया काढल्या, कारण तिथे दुधाच्या पदार्थांना नियम कडक आहेत. वेळही तिकडच्या सकाळची. मजकूर मावशींनी सांगितला, मी लिहून घेतला, त्यात "यंदा भाजणीत धने थोडे जास्त घातलेत" हे वाक्य होतं. मी ते काढणार होते.

सेवेच्या पडद्यावर दिसलं, ऐंशी टक्के लोकांनी पत्र उघडलं. मी टाळी वाजवली. भाच्याने फोनवरच ती थांबवली. सेवा पत्रात एक न दिसणारं चित्र घालते आणि ते उतरलं की पत्र उघडलं असं धरते. पण 2021 पासून ॲपलचं मेल ॲप पत्रातली चित्रं आपणहून आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेलंही उघडल्यासारखं दिसतं. मग मोजायचं काय? ऑर्डरी. त्या झाल्या सत्तावीस. त्यांतले नऊ जण पहिल्यांदाच स्वतः पैसे भरणारे होते, आईबाबांच्या मार्फत नाही. आणि सहा जणांनी पत्राला उत्तर देऊन एकच गोष्ट विचारली होती, नुसती भाजणी पाठवाल का? धन्यांच्या त्या वाक्यामुळे. आता भाजणीची पाकिटं वर्षभर जातात, आणि पत्र सांगताना मावशी "हे काढू नकोस हं" असं आधीच बजावतात.

काढा म्हणणाऱ्यांची यादी मी पुसली नाही, पुसायची नसतेच. त्यांना चुकून पुन्हा मेल जाऊ नये म्हणून ती "पाठवू नये" या नावाने जपून ठेवावी लागते. यंदा आम्ही मेल पाठवणारी सेवा बदलली. नव्या जागी ग्राहकांची यादी चढवायच्या आधी मी ही फाइल चढवली. तिच्यात पहिल्या ओळीवर बिनसाखरेचे अनारसे मागणाऱ्या बाईंच्या मुलाचा पत्ता आहे.