तुम्ही विचारलंत म्हणून: त्या जुन्या मूकपटांतल्या मुक्या कॉमेडीत एवढं आहे तरी काय?

आवाज नाही, रंग नाही, माणसं नुसती तुरुतुरु पळतायत आणि तू एकटाच काय खिदळतोस, हे मला घरचे-दारचे सगळे विचारून झालेत. तर सांगतो. त्यात जे दिसतं ना, ते बहुतेक वेळा खरंच घडलेलं असतं.

अमेरिकन विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनची 'वन वीक' ही फिल्म घ्या, १९२० ची, दोन रिळांची, म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला आहेरात घर मिळतं, पण सुटं, खोक्यांत भरलेलं, नंबर बघून जोडायचं (अमेरिकेत तेव्हा अशी घरं खरोखर कॅटलॉग बघून पोस्टाने मागवायचे, सीअर्स कंपनी १९०८ पासून विकत होती). नवरीने नाकारलेला एक जण जळफळून खोक्यांवरचे नंबर बदलतो, आणि मग जे काही उभं राहतं ते बघाच, सगळं तिरपागडं, वरच्या मजल्यावरचं दार उघडून पाऊल टाकलं की थेट खाली. वादळात ते अख्खं घर पाहुण्यांसकट गरगर फिरतं, ते पण खरंच, कारण घराखाली फिरता प्लॅटफॉर्म बसवला होता. पुढे घर ओढून नेताना रेल्वे रुळांवर अडकतं, समोरून गाडी येते, दोघं डोळे मिटून घेतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत उलट्या बाजूने दुसरी येते आणि घराचा चुराडा! कॅमेरा लांब उभा, क्लोजअप नाही, आपल्याला सगळं एकदम दिसतं म्हणूनच ते इतकं जमतं. आणि कीटन? त्या ढिगावर 'विकणे आहे'ची पाटी लावतो, सोबत जोडणीचा कागदही ठेवतो, चेहऱ्यावर सुरकुती नाही.

आणि ते तुरुतुरु पळणं, त्यातला बराचसा दोष आपला. कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेम, कॉमेडीत मुद्दाम अजून हळू, आणि आपण ते चोवीसने चालवतो, मग होणारच.

सगळंच भारी असतं असं नाही हं. निर्माता मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओवाल्या फिल्म्स मला फार झेपत नाहीत, लाथा आणि पळापळ, संपलं. चॅप्लिन तिथूनच १९१४ मध्ये सुरू झाला, पण बघायचाच तर १९१६-१७ चा म्युच्युअल कंपनीतला बघा, 'ईझी स्ट्रीट', 'द इमिग्रंट' वगैरे. पोरांनाही बसवा सोबत, मधल्या संवादांच्या पाट्या तेवढ्या वाचून दाखवाव्या लागतील, पण त्या फार नसतात.