तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन ॲडम्सचं दप्तर

बाररूममध्ये चहा आला की कुणीतरी विचारतंच, "वकीलसाहेब, स्वतःच्या फायली तुंबल्यात आणि तुम्ही अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन वकिलाचे कागद काय वाचत बसता?"

जॉन ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाला ते पुढे. आधी तो घोड्यावरून गावोगावची कोर्टं करणारा वकील होता. घराण्यानं कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले, १९५६ साली ते बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला दिले. वकिलीच्या कागदांचे तीन खंड १९६५ साली निघाले. मी अडकलो तो तिसऱ्या खंडात.

५ मार्च १७७०च्या रात्री बॉस्टनमध्ये ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच माणसं गेली. गाव खवळलेलं, आणि ॲडम्सनं वकीलपत्र घेतलं ते शिपायांचं! शिपायांचा कॅप्टन प्रेस्टन सुटला, आठांपैकी सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डागून सोडलं. सत्कार-समारंभांत आम्ही वकील ही गोष्ट इथवरच सांगतो.

पण त्याचा युक्तिवाद शब्दशः टिपलेला आहे. जमाव म्हणजे कोण, तर आगाऊ पोरं, काळे, मिश्रवर्णी, आयरिश आणि उपरे खलाशी, असं तो ज्यूरीला ऐकवतो. मेलेल्यांपैकी क्रिस्पस ॲटक्स मिश्रवंशाचा. त्याचं नुसतं रूप पाहूनच कुणीही घाबरेल, म्हणतो. स्वतःची बाजू मांडायला मेलेला माणूस काही उठून येत नाही. उलटतपासात साक्षीदाराच्या वस्तीवरून मीही कधीकधी नको ते सुचवलंय, म्हणून ते पान मला टोचतं.

आता खासगी कागद घ्या. बरोबर तीन वर्षांनी, ५ मार्च १७७३ला, तो डायरीत लिहितो की हा खटला म्हणजे आपण केलेल्या उत्तम देशसेवांपैकी एक. पुराव्यानुसार निकाल अगदी योग्य होता, तरी गावानं त्या रात्रीला कत्तल म्हणायला हरकत नाही. दोन्ही एका दमात! मला हे ढोंग वाटत नाही. कोर्टातलं सत्य कोर्टापुरतं असतं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

आणि त्याच वर्षी जुलैत, त्याच डायरीत, ब्रिटिशांनी नेमलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नर हचिन्सनला उद्देशून एका पत्राचा मसुदा आहे. आमच्या रक्ताला तू जबाबदार आहेस, शिपाई नुसती हत्यारं होती, असं त्यात म्हटलंय. अक्षर ॲडम्सचं. खाली सही: क्रिस्पस ॲटक्स.