लॉगिन शाबूत असताना आलेला ४०१

तुर्भे एमआयडीसीतील एका शीतगृहाच्या गेटवर मालाच्या गाड्यांची नोंद घेणारी वेबप्रणाली महाप्याच्या आमच्या कार्यालयात तयार होत होती. जुन्या प्रणालीत चलनाचा बारकोड स्कॅन केला की अख्खे पान सर्व्हरकडे जाऊन परत येई. तेवढ्या वेळात कर्सर चौकटीतून निघून जाई आणि ड्रायव्हरने पुढे केलेले दुसरे चलन स्कॅन करूनही त्याचा क्रमांक कुठेच उमटत नसे. आंब्याच्या हंगामात गेटबाहेर गाड्या खोळंबत आणि शिव्या खाव्या लागत त्या खिडकीतल्या कारकुनाला. म्हणून पान जागचे न हलवता जावास्क्रिप्टमधूनच सर्व्हरवरची सी शार्पची मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कॉल करायची, असे आम्ही ठरवले.

वेबपाने बनवण्याच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमध्ये याची सोय आहे. कोड-बिहाइंड फाइलमधली, म्हणजे पानामागचा कोड असलेल्या फाइलमधली, मेथड पब्लिक आणि स्टॅटिक करायची, तिला वेबमेथड हे अ‍ॅट्रिब्यूट लावायचे आणि पानाच्या पत्त्यापुढे तिचे नाव जोडून ब्राउझरमधून जेसन या मजकुरी स्वरूपात पोस्ट रिक्वेस्ट पाठवायची. मेथड स्टॅटिक असल्यामुळे पानावरचे टेक्स्टबॉक्स किंवा ग्रिड तिला दिसत नाहीत. हवे ते पॅरामीटरमधून द्यावे लागते आणि पॅरामीटरची नावे दोन्हीकडे जुळावी लागतात. नव्या मुलांना हे बंधन जाचक वाटते. मला ते हिताचे वाटते, कारण कोणती माहिती गेली आणि कोणती आली, हे त्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते.

गेटवर प्रणाली बसवण्याच्या आदल्या संध्याकाळी, लॉगिनची पद्धत बदलायची असल्याने, सगळी पाने व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या साधनाच्या तयार टेम्प्लेटमधून काढलेल्या नव्या प्रोजेक्टमध्ये हलवण्यात आली होती. सकाळी कारकुनाने लॉगिन केले, पान उघडले, पहिले चलन स्कॅन केले आणि तपशिलाच्या जागी काहीच आले नाही. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब पाहिला, तर उत्तराचा कोड ४०१ आणि संदेश ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’, म्हणजे ओळख पटली नाही.

या संदेशाने सगळ्यांना एकाच दिशेला नेले. शीतगृहाचे आयटी पाहणारे गृहस्थ फोल्डरच्या परवानग्या तपासू लागले, माझा सहकारी आयआयएस या वेब सर्व्हरमधील ऑथेंटिकेशनच्या सेटिंग उलटसुलट करू लागला. मला मात्र एक गोष्ट खटकत होती: त्याच लॉगिनवर बाकीची पाने बिनबोभाट उघडत होती आणि नेटवर्क टॅबमध्ये पाहिले, तर या रिक्वेस्टबरोबरही लॉगिनची कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची ब्राउझरने जपलेली खूण, व्यवस्थित जात होती.

मी लॅपटॉपवर तोच प्रोजेक्ट व्हिज्युअल स्टुडिओत उघडला, मेथडच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला (तिथे पोहोचताच कोड थांबतो आणि ओळ पिवळी होते) आणि हाताने एक क्रमांक टाकला. इथेही तोच ४०१ आला. ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका तसाच राहिला, ती ओळ पिवळी झालीच नाही. म्हणजे सर्व्हरच्या परवानग्यांचा संबंध संपला आणि आमच्या मेथडपर्यंत रिक्वेस्ट पोहोचतच नव्हती, हेही निश्चित झाले. वाटेत तिला कोण अडवत होते, एवढाच प्रश्न उरला.

जुना आणि नवा प्रोजेक्ट शेजारी उघडून पाहिल्यावर नव्यात अ‍ॅप स्टार्ट नावाचे फोल्डर आणि त्यात राउटकॉन्फिग ही फाइल दिसली. टेम्प्लेटबरोबर आलेली फ्रेंडली यूआरएलची, म्हणजे सुटसुटीत पत्त्यांची, सोय तिथे चालू होती आणि तिचा ऑटोरिडायरेक्टमोड ‘पर्मनंट’ होता. पत्त्यात डॉट एएसपीएक्स दिसले की ही सोय ब्राउझरला विनाएक्स्टेन्शनच्या, म्हणजे ते शेपूट नसलेल्या, पत्त्यावर पाठवते. पान उघडताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही; पण आमच्या कॉलच्या पत्त्यात डॉट एएसपीएक्स होतेच. त्यातून फ्रेमवर्क असे धरून चालते की स्क्रिप्टमधून आलेला असा कॉल दुसरीकडे वळवला जात असेल, तर तो लॉगिनच्या पानाकडेच जात असणार, आणि म्हणून ते ४०१ देऊन मोकळे होते. संदेश लिहिणाऱ्याचा हा तर्क बहुतेक वेळा बरोबर ठरत असेल, पण त्या सकाळी त्याने तीन जाणत्या माणसांना भलत्याच वाटेला लावले.

‘पर्मनंट’च्या जागी ‘ऑफ’ लिहिले, बिल्ड केले, क्रमांक टाकला आणि ओळ पिवळी झाली. ‘ऑफ’ केल्याने विनाएक्स्टेन्शनचे पत्ते बंद पडत नाहीत, फक्त आपोआप वळवणे थांबते. ज्यांना तेही हवेच असेल, त्यांनी अशा मेथड वेब एपीआयमध्ये, म्हणजे पानाऐवजी नुसती माहिती देणाऱ्या भागात, वेगळ्या काढाव्यात; दोन्हींचे लटांबर एकाच पानावर सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

पुढची कामे किरकोळ होती. उत्तर नेहमीप्रमाणे ‘डी’ नावाच्या गुणधर्मात गुंडाळून आले, ते स्क्रिप्टमध्ये उलगडले. चलनाची तारीख मात्र १९७० पासूनच्या मिलिसेकंदांच्या लांबलचक आकड्यात येत होती. कारकुनाला तो आकडा दाखवण्यात काही हशील नव्हते, म्हणून सर्व्हरवरूनच दिवस-महिना-वर्ष असा मजकूर पाठवला.

दुपारपासून गाड्यांची नोंद नव्या पानावर सुरू झाली. निघण्यापूर्वी स्क्रिप्टमध्ये एक भर घातली: ४०१ आला, तर स्कॅन केलेला क्रमांक ब्राउझरमध्ये जपून ठेवायचा, कारकुनाला लॉगिनच्या पानावर न्यायचे आणि तो परतल्यावर तोच क्रमांक पुन्हा पाठवायचा. आता तो कोड येईल, तेव्हा लॉगिनची मुदत खरोखरच संपलेली असेल.