सापळा, वय वर्षं तीनपासून पुढे

भाचीच्या आठव्या वाढदिवसाला एकच व्हिडिओ गेम दोनदा आला. एक न्यू जर्सीच्या काकाकडून, दुसरा लंडनहून सुट्टीला आलेल्या आत्याकडून. 'कर्बी अँड द फरगॉटन लँड', २०२२चा. नायक म्हणजे हातपाय फुटलेला गुलाबी फुगा. कशालाही गिळतो आणि गोड हसतो.

गेम तोच, पण डब्यांच्या कोपऱ्यातले आकडे वेगळे. अमेरिकेच्या डबीवर 'ई टेन प्लस', म्हणजे दहा वर्षांपासून पुढे. विलायती डबीवर सात. भाचीने दोन्ही डब्या शेजारी शेजारी धरल्या.

"मावशी, म्हणजे अमेरिकेत मी लहान आणि लंडनमध्ये मोठी?"

मी फोनवर शोधलं तर जपानात या गेमला 'ए', म्हणजे सगळ्यांना चालेल.

"मग आपण जपानचं धरू," तिने निकाल दिला. दुसरी डबी कपाटात वरच्या फळीवर गेली. कुणाच्या तरी वाढदिवसाला ती पुढे सरकेल. आपल्या घरांत भेटवस्तूंचं हे अर्थशास्त्र जुनंच आहे.

त्या आकड्यांनी मात्र माझ्या डोक्यात घर केलं. हे ठरवतं कोण? अमेरिकेत १९९३च्या डिसेंबरात चक्क सिनेटमध्ये सुनावणी झाली. 'मॉर्टल कॉम्बॅट'मधला एक गडी दुसऱ्याचं मुंडकं पाठीच्या कण्यासकट उपटायचा आणि शाळकरी पोरं ते घरात बसून खेळत होती. सरकारने हात घालण्याआधी आपणच काहीतरी करावं म्हणून गेमवाल्यांनी १९९४मध्ये स्वतःचं मंडळ काढलं. युरोपाचं मंडळ आलं २००३मध्ये. 'दहापासून पुढे' ही अमेरिकन पायरी तर २००५ची. अमेरिकेतल्या परीक्षकांबद्दल मला वाटायचं की दिवसभर गेम खेळायचा पगार घेत असतील. तसं नाही. डबीबंद गेमच्या बाबतीत कंपनी एक लांबलचक अर्ज भरते, त्यातल्या नेमक्या प्रसंगांची चित्रफीत जोडते आणि ती पाहून अक्षर ठरतं. रक्त आहे का, शस्त्रं कसली, शिव्या किती, जुगार आहे का. दुष्टपणा किती, हा रकाना मला कुठे दिसला नाही. असता तरी तो मोजणार कशाने?

आता बाउझर घ्या. मारिओचा जन्माचा वैरी, काटेरी पाठीचा कासवांचा राजा. १९८५पासून हा गृहस्थ राजकन्येला पळवतोय, आणि पहिल्याच गेमपासून त्याचा शेवट ठरलेला आहे: पूल कोसळतो, खाली लाव्हा. २००६च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये तर पहिल्याच किल्ल्यात तो लाव्ह्यात पडतो आणि मांस वितळून वर येतो तो नुसता सापळा, हात झाडत. पुढे एका किल्ल्यात हाच सापळा पुन्हा उभा राहून लढतो, आणि शेवटी पोरगं बापाची हाडं कढईत टाकून त्याला जिवंत करतं. याला अमेरिकेत 'ई', सर्वांसाठी. युरोपात तीन वर्षांपासून पुढे! रक्ताचा एक थेंब नाही ना, मग झालं.

रक्त म्हटलं तरी रंगाला महत्त्व असतंच. १९९८च्या झेल्डाच्या गेममध्ये खलनायक गॅनोंडॉर्फ शेवटी रक्त ओकतो. सुरुवातीच्या प्रतींत ते लाल होतं, नंतरच्या प्रतींत हिरवं केलं. माणूस तेवढाच घायाळ, फक्त पालक खाल्ल्यासारखा.

भाचीला मी तो वितळणारा बाउझर जरा घाबरतच दाखवला. ती अजिबात दचकली नाही. तिला तो आधीच ठाऊक होता, कारण मारिओ कार्टमध्ये हाच हाडांचा बाउझर गाडी घेऊन शर्यतीत उतरतो. "तो मेला नाहीये गं, त्याची रविवारी रेस असते," तिने मला समजावलं. सोम ते शनि राजकन्या पळवायची, रविवारी त्याच राजकन्येबरोबर गाडी पळवायची. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे दोघेतिघे आहेत.

तिला लागतं ते भलतंच. आई तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगायची, आमच्या लहानपणी सांगायची तशीच: शेणाचं घर वाहून गेलेला कावळा चिऊच्या दाराशी भिजतो आणि शेवटी तापल्या तव्यावर बसून भाजतो. याच गोष्टीवर मी वाट्या-वाट्या भात जेवलेय. भाचीने मात्र घास तोंडात धरून विचारलं, "आजी, घर वाहून गेलं यात त्याची काय चूक?" तेव्हापासून आमच्या घरात कावळा आत येतो आणि वरणभात जेवतो.

कर्बीचंही तसंच झालं. नासधूस करणारी जनावरं, त्यांचा सिंह, गडगडाटी लढाया, सगळं तिने चिवडा खात संपवलं. मग आली ती ओसाड प्रयोगशाळा. तिथे रेकॉर्ड केलेला गाईडचा आवाज अजून पाहुण्यांना माहिती देतोय, खालच्या इंग्रजी ओळी मी तिला मराठीत सांगत होते. दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक जीव इथे पकडून ठेवला होता. त्याला नंबर दिला, प्रयोग केले. एका प्रयोगात त्याचे दोन भाग झाले. छोटा निसटला, आणि तोच कर्बीचा मोठ्या कानांचा दोस्त. उरलेला अजून काचेच्या कुपीत.

चिवड्याचा आवाज बंद झाला.

"त्याला डांबून ठेवलं होतं?"

"हो गं. पण त्याने आधी हल्ला केला होता."

"पण आता तो एकटाय."

अमेरिकेने या गेमला 'कार्टूनी हिंसा' म्हणून दहाचा आकडा दिलाय. इथे हिंसा नव्हतीच, नुसता काचेमागे एक थकलेला जीव आणि एक सभ्य आवाज.

शेवटची लढाई त्याच जीवाशी. तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला, "तू मार, मी बघत नाही," आणि उशी तोंडावर घेतली. माझं वय दहाच्या बरंच पुढे आहे, तरी मी दोनदा हरले. तिसऱ्यांदा कशीबशी जिंकले, आणि मग त्या गुलाबी फुग्याने अख्खा ट्रक गिळला आणि सुसाट त्या बिचाऱ्यावर घातला. पडदा पांढराफटक झाला.

उशीआडून एक डोळा बाहेर आला.

"मावशी, आता याला पण कार्ट चालवायला देतील ना?"