नान्नजचा माळ आणि टाचेचा फोड

आज पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर गेलो होतो. माळढोक पक्षी दिसेल अशी आशा नव्हतीच, पण काळविटांचा कळप मिळाला आणि लांबवर एक लांडगा, दोनदा मागे वळून बघत गेलेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला आळा घातला ते बरंच झालं. दिवसभर पायी माग काढायची खाज आम्ही कॅमेऱ्यावर भागवतो.

पायांचं मात्र वाटोळं झालं. मी घातलेले जाळीचे स्पोर्ट शूज. कुसळं जाळीतून आत, मोज्यातून थेट कातडीत. दर पावलाला टाच वर-खाली सरकत होती. नऊ वाजेपर्यंत फोड. वाटाडे मामा घोट्यापर्यंतच्या जुन्या चामडी बुटात निवांत चालत होते. म्हणाले, "बूट सांजचं घ्या बगा. दिवसभर चालून पाय फुगतो, तवा खरं माप कळतं."

म्हणून संध्याकाळी लंगडत सोलापूरच्या नवी पेठेत, बूट घ्यायला. सोबत जाड मोजे नेले, दुकानदार हसला. हसू दे. तळवा बोटांपाशी वाकतो का, मधोमध दुमडत तर नाही ना, हे वाकवून पाहिलं. पुढं अंगठ्याएवढी जागा, टाच घट्ट. नेहमीचा आठ नंबर सोडून नऊ घेतला.

आता पंधरा दिवस ते घरात नि आसपासच वापरून मऊ करायचे. उद्या भाजी आणायला बूट घालूनच जाणार म्हटलं, तर बायको म्हणाली, "मग पिशवी तुम्हीच धरा, मी येत नाही."