डीपीआयचा आकडा आणि टोनरचा कण

लेझर प्रिंटरच्या खोक्यावर १२०० डीपीआय (म्हणजे इंचाला १२०० ठिपके) असं ठळक छापलेलं असतं आणि आपण लगेच खूश होतो. मी पण व्हायचो. पण हल्ली टोनरवरचं, म्हणजे लेझर प्रिंटरमधल्या शाईच्या पुडीवरचं, जे काही हाती लागेल ते वाचत सुटलोय आणि त्यामुळे त्या आकड्याकडे बघायची नजरच बदललीये. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की लेझर एका इंचात किती जागी चालू-बंद होऊ शकतो, कागदावर तेवढा बारीक ठिपका उमटतोच असं अजिबात नाही.

साधा हिशोब करू. ३०० डीपीआयला एका ठिपक्याची जागा साधारण ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ६०० ला ४२, १२०० ला २१ आणि २४०० ला जेमतेम साडेदहा. आता जुन्या पद्धतीच्या टोनरचा कण असतो ८ ते १२ मायक्रॉनचा, म्हणजे २४०० डीपीआयच्या एका ठिपक्यात एक कण कसाबसा मावणार, तोही वेडावाकडा, आणि फ्यूजरमधून, म्हणजे टोनर कागदावर पक्का बसवणाऱ्या गरम रोलरमधून, वितळून दाबला गेला की अजून पसरणार. जाड खडूने बारीक अक्षर काढायला बसल्यासारखंच झालं ना हे? १९८४ साली एचपीचा पहिला लेझरजेट आला, कॅननचं इंजिन आणि ३०० डीपीआय, तेव्हा हा प्रश्न एवढा जाणवत नव्हता. १९९२ च्या लेझरजेट ४ ने ६०० गाठले तेव्हा मात्र सोबत जास्त बारीक टोनरही आणावा लागला, नुसता लेझर सुधारून भागलं नाही.

मग कण अजून बारीक दळा की, झालं! मलाही आधी असंच वाटलेलं, पण खरी गंमत इथेच आहे. जुना टोनर म्हणजे प्लॅस्टिकसारखं रेझिन, काजळी आणि चार्ज धरायला लागणारी रसायनं एकत्र वितळवून, थंड करून, मग हवेच्या जोरदार झोतात फोडून केलेला चुरा. जितकं बारीक फोडाल तितका विजेचा खर्च जास्त आणि नको इतकी बारीक धूळही जास्त, ती चाळून वेगळी काढावी लागते. शिवाय प्रत्येक कणाचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकावरचा चार्जही वेगळा. आणि सगळ्यात मोठी अडचण भौतिकशास्त्राची. कणावर साधारण त्याच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात चार्ज बसतो, म्हणजे कणाचा व्यास निम्मा केला की विद्युत ओढ पाव होते, पण कण जिथे चिकटून बसलेला असतो तिथली चिकट ओढ मात्र फक्त निम्मीच होते. त्यामुळे एका हद्दीनंतर कण त्याला आणणारा रोलर सोडून ड्रमवर (लेझर ज्यावर चित्र काढतो त्या फिरत्या नळकांड्यावर) उडी मारायलाच तयार होत नाही. म्हणून मग त्याच्या अंगावर नॅनोमीटर मापाच्या सिलिकाचा थर देतात, म्हणजे तो थेट टेकत नाही आणि सुटायला सोपा जातो. टोनर पाण्यासारखा वाहतो ना, त्यातही या सिलिकाचा मोठा हात आहे.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे दळण्याऐवजी कण वाढवायची पद्धत. झेरॉक्सच्या कॅनडातल्या संशोधन केंद्रात यावर बरंच काम झालंय. पाण्यात रेझिनचे अतिसूक्ष्म कण, रंग आणि मेण तरंगत ठेवायचं, मग एक रसायन घालून ते सगळे हळूहळू एकमेकांना चिकटू द्यायचे, ५-६ मायक्रॉनचे झाले की थांबवायचं आणि गरम करून कडा गुळगुळीत करायच्या. आकार हवा तसा ठरवता येतो! पण अगदी गोल गोळ्या केल्या तर त्या ड्रम पुसणाऱ्या रबरी पातीखालून निसटतात, म्हणून मुद्दाम थोडा ओबडधोबडपणा ठेवावा लागतो. केवढी कसरत.

याहून बारीक हवं असेल तर कोरडी पावडर सोडून द्यावी लागते. एचपीच्या इंडिगो या छपाई मशीनमध्ये १-२ मायक्रॉनचे कण तेलात तरंगत असतात. एवढी बारीक पावडर कोरडी वापरली तर ती हवेत उडेल आणि कुणाच्या तरी फुप्फुसात जाईल, तेलात ती भीती नाही. अर्थात मग ते तेल काढून टाकायची यंत्रणा आली.

समजा टोनर जमला. मग ड्रम आडवा येतो. त्यावरचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर साधारण २०-३० मायक्रॉन जाडीचा, त्यातून चार्ज वर येताना थोडा आजूबाजूला पसरतो आणि कडा पुसट होतात. थर पातळ केला तर चित्र तीक्ष्ण होतं पण ड्रम लवकर झिजतो. लेझरचा डागही बऱ्याच मशीनमध्ये ५० मायक्रॉनच्या वरच असतो, म्हणून ६०० डीपीआयला शेजारचे ठिपके एकमेकांवर चढतात, आणि खोटं कशाला बोला, अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसायला त्याचा उपयोगच होतो. फोटोचं मात्र वेगळं. प्रिंटर ठिपका एकतर काळा छापतो नाहीतर कोरा सोडतो, म्हणून राखाडी छटा ठिपक्यांच्या चौकटीत किती काळे यावरून दाखवावी लागते. ६०० डीपीआयवर ८ गुणिले ८ ची चौकट धरली की राखाडी छटा मिळतात ६५, पण इंचात चौकटी उरतात फक्त ७५. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे दाणे दिसणारच. म्हणून माझं मत, फोटोसाठी डीपीआय वाढवण्यात खरोखर अर्थ आहे, नुसत्या मजकुराला ६०० पुष्कळ झाले.

अजून एक राहिलं, गियर. ड्रम फिरवणारा गियर किंचित डगमगला की पानावर आडव्या फिकट-गडद पट्ट्या येतात, याला बँडिंग म्हणतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात या पट्ट्या कमी कशा करायच्या यावर काम चाललेलं, आणि मग त्याच लोकांनी उलटा विचार केला की दर मॉडेलच्या पट्ट्या वेगळ्या असतील तर छापील पानावरून प्रिंटर ओळखता येईल का. २००४ मध्ये त्यांनी इंग्रजी ई या अक्षराच्या छपाईतला पोत तपासून १२ पैकी ११ मॉडेल बरोबर ओळखली.